"मॅडम, हे मागं कसं घ्यायचं?" : जावास्क्रिप्टमधल्या अनडू-रीडूचे बारा आठवडे

सांगलीतल्या एका छापखान्यासाठी मी ब्राउझरमध्ये लग्नपत्रिका मांडायचं ॲप बनवलं. डावीकडे नमुने, मधे पत्रिका, उजवीकडे फॉन्ट, रंग, आकार. मजकूर टाकायचा, गणपती हवा तिथे सरकवायचा, प्रूफ ग्राहकाला पाठवायचं. ठरलेली रक्कम ६०,००० रुपये, त्यातले २०,००० आगाऊ. मुदत तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणजे १३ नोव्हेंबर २०२४. त्यानंतर लग्नसराई सुरू झाली की छापखान्यात कुणाला नवीन काही शिकायची उसंत नसते. या कामात अनडू-रीडूने, म्हणजे केलेला बदल मागे घेणं आणि मागे घेतलेला पुन्हा आणणं याने, मला जेवढं दमवलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही. शिकायला बसले तेव्हा बहुतेक उदाहरणं काउंटरची मिळाली : आकडा एकाने वाढवा, एकाने कमी करा, मागे जा. खऱ्या ॲपमध्ये पाय कुठे अडकतो ते त्यात कळत नाही. म्हणून जसं घडलं तसं, तारखांसकट लिहिते आहे.

२१ ऑगस्टला मी पहिली आवृत्ती दाखवायला गेले. गणपती जवळ आले होते, मशीनवर मंडळांची पावतीपुस्तकं चालू होती. डीटीपी बघणाऱ्या ताई गेली वीसेक वर्षं कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. त्यांनी वधूपक्षाच्या मजकुराचा चौकोन निवडला आणि चुकून डिलीट दाबलं. चौकोन गेला. त्यांचा डावा हात आपोआप कंट्रोल-झेडवर गेला. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले आणि विचारलं, "मॅडम, हे मागं कसं घ्यायचं?"

त्यानंतर त्यांनी कशालाच हात लावला नाही. मी दाखवत राहिले, त्या बघत राहिल्या.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "तेवढं बसवून द्या की. किती दिवस लागतील?" मी म्हटलं, तीन दिवस. मूळ पत्रकात अनडूचा उल्लेख नव्हता, म्हणून जादा कामाचं वेगळं पत्रक दिलं : १२,००० रुपये, वर्णन एका ओळीचं, "कंट्रोल-झेड व कंट्रोल-वाय चालेल." ती एक ओळ मला पुढे महागात पडली. तुम्ही असं पत्रक देणार असाल तर कुठल्या गोष्टी मागे घेता येतील आणि कुठल्या येणार नाहीत, हे दोन्ही त्यात लिहा. समोरच्याची सही त्यावर घ्या.

घरी येऊन कोड उघडला आणि पहिली अडचण समोर आली. मागे न्यायचं म्हणजे नेमकं काय न्यायचं? माझी स्टेट, म्हणजे ॲपने त्या क्षणी लक्षात ठेवलेली माहिती, चौदा कंपोनंटमध्ये, म्हणजे पडद्याच्या सुट्या भागांमध्ये, विखुरलेली होती. मजकूर एका ठिकाणी, रंग दुसऱ्या, चौकोनांचा क्रम तिसऱ्या. ॲप ज्या लायब्ररीवर बांधलं त्या रिॲक्टच्या युझस्टेटने प्रत्येक कंपोनंट आपापलं सांभाळत होता, आणि तोवर त्यात काही वावगंही नव्हतं. पण संपूर्ण पत्रिका या क्षणी कशी आहे, हे सांगू शकेल अशी एकही जागा कोडमध्ये नव्हती. अनडूला तीच लागते. सगळं गोळा करून एका ऑब्जेक्टमध्ये आणायला २२ ते २९ ऑगस्ट गेले. तीन दिवसांचा शब्द तिथेच मोडला. अण्णांना फोन करून तसं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त "गणपती झाल्यावर या" म्हणाले.

स्टेट एकत्र झाल्यावर मी सगळ्यात सोपा रस्ता धरला. प्रत्येक बदलाआधी अख्ख्या स्टेटची नक्कल करायची आणि यादीत टाकायची. नक्कल जेसन स्ट्रिंगिफाय आणि जेसन पार्सने, म्हणजे सगळ्याचा मजकूर करायचा आणि तो वाचून पुन्हा ऑब्जेक्ट बनवायचं. माझ्या लॅपटॉपवर ते झकास चाललं आणि मी खूश होते. गणपतीआधीच, ४ सप्टेंबरला, नुसतं चालतंय का बघायला ते ताईंच्या मशीनवर टाकलं. चार जीबी रॅम, शेजारी कोरल उघडलेलं. एक अक्षर टाइप केलं की ते दिसायला अर्धा सेकंद. कारण शोधायला संध्याकाळ गेली. गणपतीचं चित्र आणि जोडप्याचा फोटो मी बेस६४ करून, म्हणजे चित्राचा मजकूर बनवून, स्टेटमध्येच ठेवले होते. बेस६४ केलं की फाइल साधारण एक-तृतीयांशाने फुगते. दोन्ही मिळून साडेतीन एमबी झाले होते. चाळीस बदल म्हणजे १४० एमबी, आणि दर अक्षराला साडेतीन एमबीचा मजकूर नव्याने लिहिला जाऊन नव्याने वाचला जात होता.

त्याच दिवशी दुसरंही फुटलं. एकदा अनडू केलं की मुहूर्ताची ओळ कोरी व्हायची आणि कन्सोलमध्ये एरर यायची, गेटटाइम हे फंक्शन नाही म्हणून. जेसनमधून फिरून आली की डेट ऑब्जेक्टची साधी स्ट्रिंग होते. ज्या प्रॉपर्टीची किंमत अनडिफाइन्ड आहे ती गायबच होते, आणि मॅप असेल तर त्याचं रिकामं ऑब्जेक्ट होतं. ब्राउझरचंच नक्कल करायचं फंक्शन स्ट्रक्चर्डक्लोन वापरून डेट आणि मॅप शाबूत राहतात, पण नक्कल सगळ्याची होतेच. दुखणं वेगळ्या जागी होतं.

चित्रं मी इंडेक्सडीबी या ब्राउझरमधल्याच साठ्यात हलवली आणि स्टेटमध्ये नुसता त्यांचा क्रमांक ठेवला. हा एक बदल तुम्हाला आजच करता येईल. फोटो, पीडीएफ, फॉन्ट असलं जड सामान स्टेटमध्ये ठेवू नका, चिठ्ठी ठेवा.

गणपतीचे दिवस होते, पाहुणे येत-जात होते. दुपारी थोडा वेळ मिळायचा तेव्हा मी रिडक्सच्या, म्हणजे सगळी स्टेट एका जागी (स्टोअरमध्ये) सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या, दस्तऐवजातलं अनडूचं प्रकरण वाचलं. रिडक्स २०१५चं आहे, आता बरेच जण त्यापेक्षा हलकं काहीतरी घेतात, पण ते प्रकरण कुठलंही स्टोअर वापरणाऱ्याने वाचावं. कल्पना तीन कप्प्यांची आहे : मागचं, आत्ताचं, पुढचं. मागचं आणि पुढचं या याद्या, आत्ताचं एकच. नवा बदल झाला की आत्ताचं मागच्याच्या शेवटी जातं, नवं आत्ताचं होतं आणि पुढचं रिकामं केलं जातं. अनडू म्हणजे मागच्यातलं शेवटचं उचलून आत्ताच्या जागी ठेवणं आणि आत्ताचं पुढच्याच्या तोंडाशी सरकवणं. रीडू नेमकं उलटं. मी वहीत तीन चौकोन काढून त्यात खडूचे तुकडे सरकवून पाहिले. दहा मिनिटांत डोक्यात पक्कं बसलं.

मग अख्खी स्टेट साठवायला जागा कशी पुरते? इथे मला खरा उलगडा झाला. बदल करताना जुन्या ऑब्जेक्टला हात लावायचा नाही, नवं ऑब्जेक्ट करायचं, आणि जे बदललं नाही त्याचा जुनाच संदर्भ नव्यात ठेवायचा. पत्रिकेत अकरा चौकोन आहेत आणि मी फक्त "आहेर आणू नये" या ओळीचा रंग बदलला, तर नवा होतो तो एक चौकोन, त्याला धरणारी यादी आणि वरचं ऑब्जेक्ट. बाकीचे दहा चौकोन दोन्ही आवृत्त्यांत तेच असतात, मेमरीत एकदाच. शंभर पावलांचा इतिहास ठेवूनही ताईंच्या मशीनला ओझं जाणवलं नाही. शंभर भरले की सगळ्यात जुनं टाकून द्यायचं.

अट एकच, जुन्याला कुणी हात लावता कामा नये. आणि तो मीच लावला होता. "आपले नम्र" खालची नावं मानाप्रमाणे लावायचं बटण आहे. एका कंपोनंटमध्ये मी त्या यादीवर सरळ सॉर्ट चालवलं होतं. सॉर्ट मूळ ॲरेच बदलतं, नवा देत नाही. तो ॲरे इतिहासातल्या आठ-दहा आवृत्त्यांमध्ये सामाईक होता. परिणाम असा की कितीही मागे गेलं तरी नावं नव्याच क्रमाने दिसायची. थोरल्या काकांचं नाव पुतण्याच्या खाली गेलं की पत्रिका परत येते, हे ताईंनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या दृष्टीने ती बारीक चूक नव्हतीच.

ती चूक शोधायला मला १० ते १४ सप्टेंबर लागले. त्यानंतर मी रिडक्स टूलकिटवर गेले. त्यात इमर ही छोटी लायब्ररी आतच असते. बदल लिहिताना वाटतं की आपण सरळ स्टेटच बदलतोय, पण प्रत्यक्षात कच्च्या प्रतीवर बदल होतात आणि इमर नवी आवृत्ती बांधून देतं, न बदललेलं सामाईक ठेवून. वर ते तयार झालेली स्टेट फ्रीझही करतं. बाहेरून कुणी सॉर्ट मारलं तर तिथल्या तिथे एरर येते, चार दिवसांनी नाही. साध्या जावास्क्रिप्टमध्येच राहायचं असेल तर २०२३च्या मानकात आलेलं टूसॉर्टेड वापरा, ते नवा ॲरे देतं.

१९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी, दुसरी फेरी. यावेळी ताईंनी पाच मिनिटांत तीन गोष्टी काढल्या.

पहिली : त्यांनी तीनदा मागे जाऊन, नीट बघायला म्हणून एका चौकोनावर क्लिक केलं आणि मग रीडू दाबलं. रीडू मेलेलं. माझ्याकडे चौकोन निवडणं हीसुद्धा एक ॲक्शन, म्हणजे स्टेट बदलणारी कृती, होती, ती इतिहासात नोंदली जायची, आणि नवी नोंद झाली की पुढचं रिकामं होतं. त्यांनी काहीच बदललं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. दुसरी : गणपती जरा उजवीकडे ओढला, मग मागे घ्यायला गेल्या तर तो केसभरच मागे सरकला. पुन्हा केसभर. ओढताना पॉइंटरमूव्ह, म्हणजे माउस हलल्याची सूचना, सेकंदाला साठेक वेळा येतो आणि मी प्रत्येकाची नोंद करत होते. दोन सेकंद ओढलं की शंभरचा अख्खा इतिहास त्या एका हालचालीने भरून गेलेला, आधीचं सगळं बाहेर. तिसरी : मागे-मागे जात राहिल्यावर शेवटी पत्रिका पूर्ण कोरी झाली. सर्व्हरवरून पत्रिका येण्याआधीची रिकामी स्टेट हीच इतिहासातली पहिली नोंद होती. ताईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं ग्राहकाचं काम गेलं.

परतीच्या बसमध्ये मी वहीत दोन रकाने केले. एकात पत्रिका, म्हणजे छापल्यावर कागदावर दिसणारं सगळं. दुसऱ्यात टेबल, म्हणजे कुठला चौकोन निवडलाय, झूम किती, उजवीकडचं कुठलं पान उघडंय. इतिहास फक्त पहिल्या रकान्याचा. हे एकदा ठरल्यावर कितीतरी प्रश्न आपोआप मिटले. एकच भर घालावी लागली : अनडू झाल्यावर ज्या चौकोनात फरक पडला तो निवडून समोर आणायचा. नाहीतर दुसऱ्या पानावर काहीतरी मागे जातं आणि माणसाला वाटतं बटण चाललंच नाही.

ओढण्यासाठी पॉइंटरडाउनला (बटण दाबलं की) पाऊल उघडायचं आणि पॉइंटरअपला (सोडलं की) बंद करायचं. मधल्या सगळ्या हालचाली पडद्यावर दिसतात, इतिहासात मात्र एकच नोंद होते. एस्केप दाबलं किंवा पॉइंटरकॅन्सल आला तर उघडं पाऊल टाकून द्यायचं, हे विसरू नका. कोऱ्या पत्रिकेवर उपाय सोपा होता : सर्व्हरवरून माल आला की इतिहास नव्याने सुरू करायचा. रिडक्स-अनडू नावाची तयार लायब्ररी आहे, तिच्यात मर्यादा, गाळणी आणि नोंदी एकत्र करायची सोय आहे. मी ती वापरून पाहिली, पण उघडं पाऊल मला माझ्या पद्धतीने हवं होतं म्हणून साठेक ओळींचं स्वतःचं लिहिलं. तुमचं ॲप साधं असेल तर लायब्ररीच घ्या. रिडक्सऐवजी झुस्टँड हे हलकं स्टोअर वापरत असाल तर त्याच्यासाठी झुंडो आहे.

टाइपिंगचं प्रकरण मात्र लांबलं, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इंग्रजी मजकुरात ते येतच नाही. दर कळीला नोंद केली तर "ज्ञानेश्वर" मागे घेताना आधी र जातो, मग व, मग पाय मोडलेला श् उरतो. पडद्यावर "ज्ञानेश्" असं अर्धवट दिसतं. ताई म्हणाल्या, "असं नको, शब्द जाऊ दे." मग एकाच चौकोनात सलग टाइप केलेलं एक पाऊल धरायचं ठरवलं. सेकंदभर थांबलं, स्पेस दिली किंवा दुसऱ्या चौकोनात गेलं की पाऊल बंद. माझ्याकडे ते चाललं. मी फोनेटिकने, म्हणजे रोमन अक्षरांतून मराठी, टाइप करते, आणि त्यात अक्षर जुळत असताना ब्राउझरकडून कंपोझिशनच्या घटना (सूचना) येतात. कंपोझिशन चालू असताना पाऊल बंद करायचं नाही, ती संपल्यावरच. हे केलं नाही तर रोमन अक्षरं इतिहासात शिरतात आणि मागे गेल्यावर "ग्राम"च्या जागी भलतंच उमटतं.

ताई विंडोजच्या इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करतात. त्यांच्याकडे मराठी चालू असताना कंट्रोल-झेड चालेच ना. इंग्रजीवर गेलं की चाले. मी दोन दिवस इतिहासाच्या कोडमध्ये शोधत बसले. चूक कीबोर्ड ऐकणाऱ्या एका ओळीत होती. मी घटनेतला "की" हा गुण झेडशी ताडून पाहत होते. तो गुण चालू असलेल्या लेआउटप्रमाणे येतो, इन्स्क्रिप्टवर तिथे झेड येत नाही. "कोड" हा दुसरा गुण कळ कुठल्या जागेवरची आहे ते सांगतो. आता मी आधी "की" बघते, ते रोमन अक्षर नसेल तरच "कोड" बघते. नुसत्या "कोड"वर अवलंबून राहू नका, फ्रेंच कीबोर्डवर झेड वेगळ्या जागी असतो. मॅकवर रीडू म्हणजे कमांड-शिफ्ट-झेड, विंडोजवर लोकांना कंट्रोल-वायची सवय. दोन्ही ठेवा.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, छापखान्यात यंत्रपूजा होती. मला प्रसादाला बोलावलं होतं आणि त्याच दिवशी तिसरी आवृत्ती चालू केली. बटणांवर मी "पूर्ववत करा" आणि "पुन्हा करा" लिहिलं होतं. ताईंनी "मागे" आणि "पुढे" करून घेतलं. प्रत्येक पावलाला नावही दिलं होतं, म्हणजे माउस नेला की "मागे : गणपती हलवला" असं दिसतं. ते त्यांना फार आवडलं. काय जाणार ते आधी कळतं, म्हणाल्या.

१७ ऑक्टोबरला सकाळी अण्णांचा फोन. एका ग्राहकाला तेच प्रूफ दोनदा गेलं होतं, त्यातलं एक जुनं, आणि त्यांनी जुन्यालाच होकार कळवला होता. नशिबाने छपाई सुरू व्हायची होती. "प्रूफ पाठवलं" ही खूण मी पत्रिकेच्या रकान्यात ठेवली होती. ताई प्रूफ पाठवल्यानंतर मागे गेल्या तशी खूणही मागे गेली, ॲपला वाटलं अजून पाठवलंच नाही, आणि त्याने आपसूक पुन्हा पाठवलं. चूक सरळ माझी होती. मी जाऊन अण्णांची माफी मागितली आणि त्या ग्राहकालाही फोन केला. जे जगात बाहेर गेलं ते कंट्रोल-झेडने परत येत नाही. प्रूफ, पैसे, ऑर्डर क्रमांक हे सगळं आता तिसऱ्या रकान्यात आहे, सर्व्हर सांगेल ते खरं, आणि इतिहासाचा त्याच्याशी संबंध नाही. पाठवलेल्या प्रूफची आवृत्ती गोठवून वेगळी ठेवली जाते. जादा कामाच्या पत्रकात हे लिहिलेलं असतं तर मला आधीच विचार करावा लागला असता.

त्या दिवसानंतर मी एक चाचणी लिहिली, जी पहिल्या आठवड्यात लिहायला हवी होती. जेमतेम वीस ओळी. कुठल्याही क्रमाने दोनशे बदल करायचे, मग इतिहासात असतील तितके सगळे मागे घ्यायचे आणि पत्रिका त्या जागी होती तशीच आहे का ते ताडायचं. मग तितकेच पुढे जायचे आणि शेवट जुळतो का बघायचं. पहिल्याच रात्री तिने आणखी दोन चुका पकडल्या.

"लाइट गेली तर?" हा ताईंचा शेवटचा प्रश्न. आत्ताची पत्रिका दर दोन सेकंदांनी इंडेक्सडीबीत जाते, ती सापडेल. मागच्या पावलांचं काय? लोकलस्टोरेज या ब्राउझरमधल्या दुसऱ्या साठ्यात साधारण पाच एमबीच मावतात, पण खरी अडचण जागेची नव्हती. उद्या मी स्टेटची रचना बदलली तर साठवलेली शंभर जुनी पावलंही नव्या रचनेत आणावी लागतील. तेवढं मी पेलू शकत नव्हते. पान नव्याने उघडलं की पत्रिका मिळेल, इतिहास मिळणार नाही, असं अण्णांना सांगितलं आणि यावेळी लिहूनही दिलं. इमरचे पॅचेस, म्हणजे प्रत्येक बदल आणि त्याचा उलटा बदल साठवायची पद्धत, दोन दिवस करून पाहिली आणि बाजूला ठेवली. दोन माणसं एकाच पत्रिकेवर एकदम काम करणार असतील तर ती लागेलच, कारण तेव्हा आपला अनडू दुसऱ्याचं काम मागे नेता कामा नये. इथे खुर्ची एकच आहे.

८ नोव्हेंबरला ॲप सुपूर्द केलं. अनडूचे माझे तास झाले ७४, मिळाले १२,०००. उरलेले ४०,००० आणि हे बारा, अशा दोन वेगळ्या बिलांचे पैसे २२ तारखेला जमा झाले. एकत्र बिल केलं असतं तर एका वादापायी दोन्ही अडकले असते, म्हणून वेगळी करा.

१४ तारखेला, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, मी सहज डोकावले. बाहेर बाकावर तीन घरची माणसं बसली होती. ताईंनी वराच्या आजोबांचं नाव वर घेतलं, पाहिलं, मागे घेतलं, फॉन्ट मोठा केला, मागे घेतला, गणपती थोडा खाली आणला, पुन्हा नाव वर घेतलं. डावा हात पूर्ण वेळ कंट्रोल-झेडवर होता. वराचे वडील शेजारी उभं राहून सांगत होते, "अजून जरा मोठं करून बघा ना." त्यांनी करून दाखवलं.